जाब सरकारला विचारायचा आहे

‘तुम्ही जवानांच्या बाजूचे, की नक्षलवाद्यांच्या?’ गेले काही महिने हा प्रश्न नाशकात जिथे तिथे ऐकू येतो, आणि तो आला की पुढची चर्चा खुंटते. निमित्त गडचिरोलीचे आहे. मे २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडच्या नारायणपूर भागात मारला गेला. ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. अनेक दशकांचा हा रक्तपात आता संपत आला आहे, असे सरकार सांगते. तसे होत असेल तर त्याचा आनंद मानण्यात कुणालाही कमीपणा वाटू नये. पण संघर्ष संपत आला तरी एक प्रश्न उरतोच. या काळात सरकारी दलांच्या हातून जी निरपराध माणसे मेली, ज्यांच्या झोपड्या जळाल्या, ज्यांना रात्री उचलून नेले, त्यांच्याबद्दल उत्तर कोण देणार? विचारणारा देशद्रोही आणि विचारू न देणारा फॅसिस्ट, एवढ्यावरच हा वाद सध्या अडकून पडला आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. देशाच्या आतल्या संघर्षात सरकारच्या दलांकडून नागरिक मारले गेले, छळले गेले, बेपत्ता झाले, तर त्याचा जाब सरकारने दिलाच पाहिजे. संघर्ष चालू असताना दिला पाहिजे, आणि संपल्यावर तर तो टाळायला कोणतेही कारण उरत नाही. हा जाब एकट्या शिपायाच्या गळ्यात अडकवून मोकळे होता येणार नाही. आदेश देणारा अधिकारी, धोरण ठरवणारा मंत्री आणि फाइल दाबून ठेवणारे खाते, या सर्वांपर्यंत तो पोहोचला पाहिजे. बंडखोरांचे गुन्हे कितीही भयंकर असले, तरी त्यामुळे सरकारची ही जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

नाशकात हा विषय लोकांना लगेच झोंबतो, त्याला कारण आहे. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये तोफखान्याचे जवान घडतात, देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण चालते, त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून दरवर्षी नवे फौजदार बाहेर पडतात आणि त्यांतल्या काहींच्या नशिबी सुरुवातीलाच गडचिरोली येते. सिन्नर, बागलाण, देवळा, चांदवड या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत गेली आहेत. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते तेव्हा सारे गाव चूल पेटवत नाही. अशा घरातल्या बापाला कुणी ‘सुरक्षा दलांचे अत्याचार’ असे शब्द ऐकवले, तर त्याला ते आपल्या मुलावरचे आरोप वाटणारच. त्याच्या रागाला मूर्खपणा म्हणणारी माणसे या वादात माझ्या बाजूला उभी असली, तरी मी त्यांच्या बाजूला नाही.

विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलिस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक यांच्या चिंधड्या उडवल्या. एप्रिल २०१० मध्ये दंतेवाड्यात एका सकाळी ७६ जवान गेले. ‘खबऱ्या’ ठरवून किती आदिवासींना त्यांच्याच गावात, बायकापोरांसमोर मारले गेले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? जंगलात गणवेशातला शत्रू आणि मोह वेचणारा गावकरी यांत फरक करायला काही क्षणच मिळतात, हेही खरे. त्या क्षणांचा न्याय वर्षांनंतर पंख्याखाली बसून करणे सोपे असते. आणि मानवी हक्कांची भाषा करणाऱ्यांमध्ये काही जण असे आहेतच, की पोलिसांच्या गोळीने मेलेल्याचे नाव त्यांना पाठ असते आणि नक्षलवाद्यांनी गळा चिरलेल्या पोलीस पाटलाचे नाव त्यांनी कधी विचारलेलेही नसते. या निवडक मौनाने हक्कांच्या चळवळीचे जेवढे नुकसान केले, तेवढे तिच्या विरोधकांनाही करता आले नसते. हे सगळे मान्य करूनही माझी भूमिका जागची हलत नाही. ती का, ते आता सांगतो.

‘नक्षलवाद्यांना कोण विचारतो?’ असा सवाल केला जातो. त्यांना सगळा कायदा विचारतो. खून, कट, स्फोटके, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा अशी कलमांची मोठी फौज त्यांच्यासाठी सज्ज आहे आणि त्यांच्यावर खटला भरण्याआधी त्यांच्या पक्षाची परवानगी घ्यावी लागत नाही. सरकारचे तसे नाही. सरकारवरचा आरोप सरकारचेच पोलिस नोंदवतात, सरकारचेच खाते तपासते आणि अनेकदा खटल्याची परवानगीही सरकारच देते किंवा नाकारते. शिवाय बंडखोर तुमच्या-माझ्या नावाने गोळी झाडत नाही. सरकारची प्रत्येक गोळी तुमच्या-माझ्या नावाने आणि तुमच्या-माझ्या करातून सुटते. बंडखोराला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळतो? आपण कायद्याने वागतो, या एकाच आधारावर. तो आधार सोडला तर उरतात फक्त दोन सशस्त्र टोळ्या, एक मोठी आणि एक लहान.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला काय झाले ते आठवावे. पोलिसांच्या गोळीबाराने खवळलेल्या जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. मग गावात फौज आली, पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर सैनिकांनी अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. जमावातल्यांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. त्या पुढे कमी झाल्या, ही गोष्ट वेगळी. सैनिकांच्या वर्तनाची मात्र चौकशीसुद्धा करायला सरकार तयार नव्हते. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी मागणी काय केली होती? कुणाला फासावर चढवा, अशी नव्हे. चिमूरला काय घडले याची चौकशी करा, एवढीच. त्यासाठी त्यांना ६३ दिवस उपास करावा लागला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपलेच यवतमाळचे लोकनायक अणे होते, तरीही चौकशी झाली नाही.

आज आपण चिमूरच्या लोकांना हुतात्मे म्हणतो आणि भणसाळींना संत. तेव्हाच्या सरकारने ज्या कारणांनी चौकशी नाकारली, ती कारणे आज आपल्याला निर्लज्ज वाटतात. मग तीच कारणे स्वतंत्र भारतातल्या एखाद्या सरकारने दिली की ती देशभक्तीची कशी होतात? ‘तेव्हा सरकार परके होते, आता आपले आहे’ असे उत्तर मिळते. मला ते उलटे वाटते. परक्या सरकारला जाब विचारण्याचा हक्क मागावा लागत होता. आपल्या सरकारवर तो संविधानाने आधीच बांधलेला आहे. आपले सरकार म्हणजे ज्याला विचारता येते ते सरकार. याखेरीज त्या ‘आपले’पणाला दुसरा अर्थ काय?

मनोधैर्याचा मुद्दा सर्वांत जास्त वापरला जातो. चौकशा लागल्या की जवानांचे मनोधैर्य खचते, असे म्हणतात. इथे कोलंबियाकडे पाहावे. तिथल्या सैन्यावर डाव्या गनिमांविरुद्ध निकाल दाखवण्याचा दबाव होता, आणि निकाल म्हणजे प्रेतांची संख्या. संख्या दाखवणाऱ्याला रजा, बक्षीस, बढती. मग काय झाले? गरीब वस्त्यांतली बेरोजगार पोरे कामाच्या आमिषाने दूर नेली गेली, मारली गेली आणि अंगावर गनिमांचे कपडे चढवून ‘चकमकीत ठार’ म्हणून दाखवली गेली. शांतता करारातून उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाने २००२ ते २००८ या काळातल्या अशा बळींची संख्या ६,४०२ सांगितली. या माणसांना मारून कोलंबियाच्या सैन्याचे मनोधैर्य वाढले होते का? जे सैनिक प्रामाणिकपणे लढत होते त्यांच्या खऱ्या शौर्यावरही संशयाची सावली पडली. बढती त्यांना मिळाली नाही, खोटे प्रेत दाखवणाऱ्याला मिळाली.

हे दूरदेशीचे वाटत असेल तर एप्रिल २०१० मधले काश्मीरचे माछिल पाहा. तीन गावकऱ्यांना नोकरीचे आमिष दाखवून नियंत्रण रेषेजवळ नेले, मारले आणि घुसखोर म्हणून जाहीर केले. लष्कराच्याच न्यायालयाने २०१४ मध्ये पाच जणांना जन्मठेप दिली. लष्कर तेव्हा कोसळले का? उलट, आपल्यातला गुन्हेगार आपणच शोधू शकतो हे त्या वर्षी लष्कराला अभिमानाने सांगता आले. २०१७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्या शिक्षा स्थगित केल्या आणि आरोपींना जामीन दिला. प्रतिष्ठेला धक्का बसला असेल, तर तो त्या दुसऱ्या निर्णयाने. आपल्याच राज्यातल्या, मुंबई पोलिसांच्या चकमकींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांत एक नियम नेमका या दुखण्यावर बोट ठेवतो: चकमकीनंतर लगेच, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय, मुदतीआधीची बढती किंवा शौर्याचे बक्षीस द्यायचे नाही. गुन्हा नोंदवायचा, तपास स्वतंत्र यंत्रणेने किंवा दुसऱ्या ठाण्याने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायचीच. यातला कोणता नियम प्रामाणिक फौजदाराच्या विरोधात आहे?

क्षणार्धात घेतलेल्या निर्णयाचा मुद्दा मी वर मान्य केला आहे, पण कायद्यानेही तो केव्हाच मान्य केलेला आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, सद्हेतूने झालेल्या चुकीला संरक्षण आहे. चकमकीत चुकून लागलेली गोळी आणि हात बांधून झाडलेली गोळी यांतला फरक शवविच्छेदनात दिसतो. तो पाहायचाच नाही, असा हट्ट असला तरच अडचण येते. मणिपूरमधल्या १,५२८ मृत्यूंची यादी घेऊन तिथली कुटुंबे सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली आणि २०१३ मध्ये सांगितले, की सहापैकी एकही चकमक खरी नव्हती. जुलै २०१६ च्या निकालात न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांनी स्पष्ट केले, की सरकारने ‘अशांत’ म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रातही सशस्त्र दलांच्या माणसाला गुन्ह्यापासून सरसकट अभय नाही. न्या. लळित तर आपल्या महाराष्ट्राचेच. हे कुणा परदेशी संघटनेचे पत्रक नाही, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तो देशविरोधी मानायचा का?

आता परवानगीची भिंत. सप्टेंबर १९१९ मध्ये इंग्रज सरकारने केंद्रीय कायदेमंडळात एक विधेयक आणले. पंजाबात शांतता राखण्यासाठी अधिकाऱ्यांनी ‘सद्हेतूने’ जे काही केले, त्याबद्दल त्यांच्यावर खटले चालू नयेत, हा त्याचा हेतू. जालियनवाला बागेची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे काम तेव्हा सुरूही झाले नव्हते. काय घडले हे समजण्याआधीच माफीची तयारी! पंडित मालवीय तासन्‌तास त्याविरुद्ध बोलले. विधेयक मंजूर झालेच. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा पहिला अध्यादेश १९४२ च्या ऑगस्टमधला, म्हणजे चिमूरच्याच महिन्यातला, आणि अशांत क्षेत्रांसाठीचा १९५८ चा आपला कायदा (अफ्स्पा) त्याच घडणीचा. त्याच्या सहाव्या कलमानुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या ओटिंगला कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या, त्यांत सहा जण मेले; त्यानंतरच्या उद्रेकासह एकूण १४ नागरिक गेले. चूक झाल्याची खंत केंद्राने संसदेत व्यक्त केली. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवले. २०२३ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते प्रकरण बंद करावे लागले. ते जवान निर्दोष असतीलही. पण ते ठरवायला न्यायालय होते, आणि न्यायालयापर्यंत प्रकरण गेलेच नाही.

गडचिरोलीत हा कायदा कधीच लागू नव्हता, म्हणून आपण सुटलो असे समजायचे कारण नाही. साध्या कायद्यातही लोकसेवकांवरच्या खटल्यांसाठी पूर्वपरवानगीची तरतूद आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमाने त्यात एक चांगली सुधारणा केली: सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. मग हीच मुदत अशांत क्षेत्रांत का नको? आणि परवानगी नाकारायची तर सविस्तर लेखी कारणे देऊन नाकारा, ती कारणे मृताच्या कुटुंबाला द्या आणि न्यायालयाला तपासू द्या. यात सैन्याला दुबळे करणारे काय आहे? राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९३ च्या कायद्याने उभा राहिला. पण सैन्याविरुद्धच्या तक्रारीत त्याने स्वतः तपास करायचा नाही, केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, एवढेच त्याला करता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडून अहवाल! आमच्याकडे निफाड-दिंडोरीत गारपिटीने द्राक्षबाग झोपली तर तलाठी, कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात. नुकसान झालेल्या शेतकऱ्यानेच स्वतःचा पंचनामा लिहून आणावा, असे कुणी म्हणत नाही. माणसाच्या जिवाला निदान तेवढा पंचनामा मिळावा.

‘पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो कुणाला विचारायचा हे आधी ठरवले पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर प्लेगच्या नावाने घरोघर घुसत होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर तिथे सांगितले, की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. ते परतेपर्यंत रँडचा खून झाला होता, टिळक पकडले गेले होते, नातू बंधूंना खटल्याविना डांबले होते. अशा दहशतीत पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोण पुढे येणार? कुणीही आले नाही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पुढे कितीतरी वर्षे त्या माफीचे टोमणे सोसले. गोखल्यांसारख्या माणसाची, पुण्यासारख्या जागृत शहरात ही गत झाली. मग बस्तरमधल्या सारकेगुड्याच्या, हिंदी न येणाऱ्या गोंड बाईने पुरावा आणायचा कुठून? २८ जून २०१२ च्या रात्री तिथे १७ माणसे मारली गेली, त्यांत अल्पवयीन मुलेही होती. सुरक्षा दलांच्या त्या कारवाईचा ‘चकमक’ म्हणून गौरव झाला. न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाला अहवाल द्यायला सात वर्षे लागली आणि अहवालाने सांगितले, की मेलेले माओवादी असल्याचा समाधानकारक पुरावा नाही. त्यानंतरही कुणाला शिक्षा झालेली नाही. गोळ्यांचा हिशेब, बिनतारी संदेश, ठाण्याची डायरी, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळे सरकारच्या कपाटात असते. ज्याच्या कपाटात पुरावा, त्यानेच तो मांडायला हवा.

उरला शेवटचा आणि सर्वांत सात्त्विक वाटणारा आक्षेप: आता शांतता येते आहे, जुन्या जखमा कशाला उकरायच्या? उत्तर आयर्लंडमध्ये ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्या दिवशी मेले, एक नंतर. सरकारने घाईघाईने विजरी चौकशी उरकली, सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरवले. जखम झाकली गेली. परिणाम काय झाला? आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेकडे तरुणांची रीघ लागली आणि पुढची पंचवीस वर्षे रक्त वाहत राहिले. शेवटी दुसरी, सॅव्हिल चौकशी बसवावी लागली. तिचा अहवाल २०१० मध्ये आला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत उभे राहून, हे कृत्य असमर्थनीय होते असे म्हणत माफी मागितली. तीच माफी १९७२ मध्ये मागता आली असती. आपल्या शेजारी श्रीलंकेत युद्ध २००९ मध्ये संपले. आठ तमिळ नागरिकांच्या, त्यांत लहान मुले, हत्येबद्दल एका सार्जंटला शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. उत्तरेतल्या आया आजही बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन रस्त्यावर बसतात. जखम भरली, असे त्यांना जाऊन कोण सांगणार?

आपल्याला सर्वांत जवळचा धडा पेरूचा आहे, कारण तिथला संघर्षही माओवाद्यांशीच होता. शायनिंग पाथ ही संघटना खेड्यापाड्यांत ‘वर्गशत्रू’ म्हणून गरीब शेतकऱ्यांनाच कापत होती आणि सैन्य त्याच खेड्यांवर संशयाने तुटून पडत होते. २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने मृतांचा अंदाज ६९,२८० असा दिला. बहुतेक बळी डोंगरातले, क्वेचुआ बोलणारे मूलनिवासी, म्हणजे जे गडचिरोलीत माडिया-गोंडांचे झाले तेच. आयोगाने निम्म्याहून अधिक मृत्यूंचा दोष शायनिंग पाथवर ठेवला आणि तेवढ्याच ठामपणे सैन्याचे गुन्हेही लिहिले. संघटनेचा म्होरक्या गुझमान जन्मठेपेत तुरुंगात मेला. त्याला पकडल्याचे श्रेय मिरवणारे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांना २००९ मध्ये पेरूच्याच न्यायालयाने, त्यांच्या काळातल्या हत्यांबद्दल, २५ वर्षांची शिक्षा दिली. पुढे २०२३ मध्ये माफीच्या आधारावर त्यांना सोडले गेले, ही त्या देशाची माघार. पण दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच वहीत लिहिता येतो, हे पेरूने दाखवून दिले. ‘जवानांच्या बाजूचे की नक्षलवाद्यांच्या’ या प्रश्नाला तो आयोग म्हणजे पूर्ण उत्तर आहे.

महाराष्ट्र सरकारला हे आज करता येईल. शरण आलेल्यांच्या जबान्या तशाही घेतल्या जात आहेत. त्यांच्या हातून कोण मेले हे ज्या वहीत लिहिले जाईल, त्याच वहीत एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याच्या ग्रामसभांमध्ये बसून, माडिया आणि गोंडी जाणणारी माणसे सोबत घेऊन, सरकारच्या हातून कोण मेले हेही लिहून घ्यावे. निवृत्त न्यायाधीशांचा आयोग असावा, पोलिसांची कपाटे त्याला उघडी असावीत, अहवालाला मुदत असावी आणि तो विधिमंडळात मांडला जावा. साक्षीदार म्हातारे होत आहेत, कागद नष्ट होत आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

जबाबदारी वरपर्यंत जावी, हा आग्रह मी धरतो तो छत्तीसगडकडे पाहून. सलवा जुडुमच्या, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध आदिवासींनाच उभे करण्याच्या मोहिमेच्या, काळात सरकारने अल्पशिक्षित आदिवासी पोरांना महिना तीन हजारांच्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी केले, हातात बंदुका दिल्या आणि शेजारच्याच गावांवर पाठवले. गावे ओस पडली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. ज्या पोराने घर जाळले तो गुन्हेगार खराच. पण त्याला बंदूक देण्याचा निर्णय मंत्रालयात झाला होता. त्या निर्णयाचा जाब कुणी दिला? न्यायालयाने थांबवल्यावर राज्याने नवा कायदा करून त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या नावाने भरती करून घेतले, आणि विषय मिटला.

म्हणून त्र्यंबक रस्त्यावरच्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्या फौजदाराच्या आईबापांना माझे सांगणे आहे. या मागणीने तुमच्या मुलाला संरक्षण मिळते. त्याला तोंडी आदेश घ्यावा लागू नये, आदेश लेखी असावा, नकार देण्याची त्याला सोय असावी आणि चूक वरच्याची असेल तर ती वरच्याच्या नावावर पडावी. हे नसले की काय होते, ते हाशिमपुऱ्यात दिसले. २२ मे १९८७ रोजी मेरठच्या त्या मोहल्ल्यातून मुसलमान पुरुषांना प्रांतीय सशस्त्र दलाच्या ट्रकमध्ये भरून नेले आणि कालव्याच्या काठावर गोळ्या घातल्या. जवळपास ४० जण मेले. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयात सारे आरोपी सुटले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जणांना जन्मठेप दिली, तोवर ते सगळे निवृत्त म्हातारे झाले होते. सगळे कनिष्ठ पदांवरचे. त्यांना त्या मोहल्ल्यात कुणी पाठवले, माणसे निवडून ट्रकमध्ये भरण्याचा आदेश कुणाचा होता, पोलिस ठाण्याऐवजी ट्रक कालव्याकडे वळला तेव्हा वरच्या कार्यालयांना काय ठाऊक होते, याचे उत्तर उत्तर प्रदेशच्या कोणत्याही सरकारने आजवर दिलेले नाही.